एलिचपूरच्या डासाला नाव देणारा डॉक्टर : विल्यम ग्लेन लिस्टन

प्राणिशास्त्रात एखाद्या जातीचे पूर्ण नाव लिहिताना त्यापुढे नाव देणाऱ्या संशोधकाचे आडनाव आणि वर्ष लिहिण्याचा प्रघात आहे. भारतातील शहरांमध्ये हिवताप पसरवणाऱ्या प्रमुख डासाचे नाव या रीतीने लिहिले, तर ते असे होते : ऍनॉफिलीस स्टीफेन्सी, लिस्टन, १९०१. या जातीचे शास्त्रीय वर्णन ज्या नमुन्यांवरून झाले, ते वऱ्हाडातील एलिचपूरचे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूरचे होते. हे वर्णन करणारे लष्करी डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन यांचे नाव पुढे मुंबईच्या प्लेगसंशोधनामुळे जगभर पोहोचले. पिसवांवरील त्यांचे काम वैद्यकाच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. त्याआधी त्यांनी डासांचा माग काढला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या शोधातून नाव मिळालेला डास आज आफ्रिकेतील शहरांसमोरचे मोठे संकट ठरला आहे.

लिस्टन यांचा जन्म १८७२ चा. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते भारतीय वैद्यकीय सेवेत आले. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या. त्यापुढील वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापाचे परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत कसे पोहोचतात, हे त्यांनी दाखवले. त्याच सुमारास इटलीत जोव्हान्नी बाट्टिस्टा ग्रास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी हिवताप ऍनॉफिलीस गटातील डासांमार्फत पसरतो, हे सिद्ध केले. हवेतील दूषित वाफांमुळे हिवताप होतो, ही शतकानुशतकांची समजूत दोन-तीन वर्षांत मोडीत निघाली.

पण प्रत्यक्ष छावणीत किंवा खेड्यात काम करणाऱ्या डॉक्टरपुढे त्यामुळे नवाच प्रश्न उभा राहिला. रॉस यांनी आपल्या डासाचे वर्णन ठिपकेदार पंखांचा, असे केले होते. ठिपकेदार पंखांचे डास भारतात एक-दोन जातींचे नव्हते. कोणी भातखाचरात वाढे, कोणी वाहत्या ओढ्याच्या कडेला, कोणी पावसाच्या गढूळ डबक्यात, तर कोणी स्वच्छ विहिरीत. यांतील नेमका कोणता डास रोग वाहतो, हे कळल्यावाचून कोणते पाणी बुजवायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवता येत नव्हते. देशातील सगळे पाणी कोणत्याच सरकारला काढून टाकता येणार नव्हते.

शिवाय जो डास सर्वांत अधिक संख्येने हाती लागतो तोच दोषी असेल, असेही नव्हते. रॉस यांच्या सन्मानार्थ जॉर्ज जाइल्स यांनी एका डासाला रॉसी हे नाव दिले होते. हाच डास आज सबपिक्टस या नावाने ओळखला जातो. कलकत्त्याच्या परिसरात तो विपुल होता. रॉयल सोसायटीच्या हिवताप आयोगाचे जॉन स्टीफेन्स आणि रिकर्ड ख्रिस्तोफर्स १९०१ मध्ये भारतात आले आणि त्यांनी या डासांचे विच्छेदन मोठ्या संख्येने केले. घराघरांतून पकडलेल्या रॉसी डासांत त्यांना परजीवी आढळले नाहीत. रॉस यांच्या नावाचा डासच बंगालमध्ये निरपराध निघावा, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा. त्याहून कमी संख्येने सापडणाऱ्या क्युलिसिफेसीज जातीच्या डासांत मात्र परजीवी सापडले. डास कोणत्या जागी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या रीतीने पकडले आणि त्यांतील किती बाधित निघाले, या हिशेबावर सर्व निष्कर्ष अवलंबून होते. आज कीटकशास्त्रज्ञ ज्याला नमुना-संकलन म्हणतात, त्याची भारतातील पायाभरणी याच काळात झाली.

लिस्टन यांचे एलिचपुरातील काम या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, मेळघाटाच्या उंबरठ्यावर वसलेले हे गाव एके काळी वऱ्हाडची राजधानी होते. इंग्रजी अमलात गावालगत, आजच्या परतवाड्यात, लष्करी छावणी होती. एका बाजूला डोंगरातून उतरणारे ओढे, दुसऱ्या बाजूला काळ्या मातीचा कापसाचा प्रदेश, जुन्या वस्तीत विहिरी आणि हौद. डासांच्या निरनिराळ्या जाती एकाच ठिकाणी शेजारी शेजारी पाहायला मिळाव्यात, अशी ही जागा होती. लिस्टन यांनी तेथील ऍनॉफिलीस डासांच्या सवयींचे वर्षभर निरीक्षण केले आणि त्याचा वृत्तान्त १९०१ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये प्रसिद्ध केला. त्या लेखाचे वैशिष्ट्य शीर्षकातच होते : वर्षभराचा अनुभव. एखाद्या पावसाळ्यात चार डास पकडून मोकळे होणाऱ्यांची संख्या तेव्हाही कमी नव्हती. डासांची संख्या ऋतूनुसार उलटसुलट होते. पावसाळ्यात उदंड दिसणारी जात उन्हाळ्यात दिसेनाशी होते, आणि विहिरीच्या आश्रयाने राहणारी जात कोरड्या दिवसांतही तग धरते. बाराही महिने तेच पाणी आणि तीच घरे पुन्हा पुन्हा तपासल्याखेरीज हे कळत नाही.

त्या काळची साधने अगदी साधी होती. अळ्या पकडण्यासाठी लांब दांड्याची पळी किंवा पांढरा वाडगा लागे. पाण्यावर सावली न पाडता हळूच जवळ जायचे आणि पळी तिरपी करून वरचा थर उचलायचा, कारण चाहूल लागताच अळ्या तळाशी बुडी मारतात. ऍनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते, तर क्युलेक्सची अळी डोके खाली करून लटकते. त्यामुळे जाणत्या माणसाला काठावरूनच फरक ओळखता येई. विहिरीसाठी दोरीला बांधलेली बादली किंवा जाळी सोडावी लागे. किती पळ्या पाणी उपसले आणि किती अळ्या मिळाल्या याची नोंद ठेवली की एका पाण्याची दुसऱ्याशी तुलना करता येई. अळ्या घरी आणून बरणीत वाढवायच्या, बरणीच्या तोंडाला मलमल बांधायची आणि बाहेर पडलेला डास भिंगाखाली ओळखायचा, हा पुढचा टप्पा. अशा डासाचे पंख आणि खवले शाबूत असल्यामुळे जात निश्चित करायला तोच उत्तम.

मोठे डास पकडण्याची वेळ पहाटेची. रात्री रक्त प्यालेली मादी जड होऊन घराच्या किंवा गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, छपराच्या आतल्या बाजूला, खुंटीवरच्या कपड्यामागे बसलेली असते. दिव्याच्या उजेडात तिच्यावर काचेची परीक्षानळी अलगद उपडी घालायची आणि तोंडाशी कापसाचा बोळा बसवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी तिचे जठर आणि लाळग्रंथी सोडवायच्या. लाळग्रंथीत सुईसारखे बारीक परजीवी दिसले, तर ती मादी रोग पसरवू शकते असे ठरे. असा डास शंभरात एखादाच निघे, पुष्कळदा तितकाही नाही. म्हणून पाच-पंचवीस डास तपासून काही न सापडल्यास त्यावरून जात निर्दोष ठरवता येत नसे. हे काम चिकाटीचे आणि डोळे शिणवणारे होते. भारतभर जे पहारेकरी, शिपाई आणि सफाई कामगार या नळ्या घेऊन घरोघर हिंडले, त्यांची नावे शास्त्रीय लेखांत क्वचितच आली. ही त्या काळच्या विज्ञानातली मोठी उणीव आहे.

एलिचपुरात सापडलेल्या एका जातीच्या सोंडेजवळच्या स्पर्शिकांवर रुंद पांढरे पट्टे आणि विखुरलेले ठिपके होते आणि पायही तसेच ठिपक्यांनी भरलेले होते. ज्ञात जातींशी तिचा मेळ बसत नव्हता. लिस्टन यांनी तिला जॉन स्टीफेन्स यांच्या गौरवार्थ स्टीफेन्सी हे नाव दिले. पुढे त्यांनी सिडनी प्राइस जेम्स यांच्यासह भारतातील ऍनॉफिलीस डासांवर सचित्र ग्रंथ लिहिला. तो १९०४ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. दूरच्या ठाण्यावर एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरला डास कसा पकडावा, कसा जपावा आणि कसा ओळखावा, हे सांगणारा असा ग्रंथ त्यापूर्वी भारतात नव्हता.

ग्रंथ छापून होईपर्यंत लिस्टन यांची वाट बदललेली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तो शहरात आणि देशात माणसे मारत राहिला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा चालू झाली. मात्र रोग उंदरापासून माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे उलगडले नव्हते. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसवांकडे बोट दाखवले होते. सरकारच्या प्लेग आयोगाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. घरे जाळणे, सामान फेकणे, जमिनीवर जंतुनाशके ओतणे, माणसांना बळाने वेगळे ठेवणे, हे चालूच राहिले. पुण्यात त्यातून केवढा क्षोभ उसळला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

मुंबईच्या प्रयोगशाळेत आलेल्या लिस्टन यांनी या प्रश्नाकडे डास पकडणाऱ्याच्या नजरेने पाहिले. हिवतापात पाहिला होता तसाच हिशेब येथेही मांडायचा होता : कोणती पिसू, कोणाच्या अंगावर, कोणत्या वेळी आणि किती? उंदरांच्या अंगावर मुख्यतः आढळणारी पिसू ही चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी १९०३ मध्ये सुदानमधील नमुन्यांवरून वर्णिलेली चिओपिस जात होती. ती एरवी माणसाच्या अंगावर क्वचितच आढळे. पण उंदीर मरून पडलेल्या एका चाळीत रहिवासी पिसवांनी हैराण झाले असता त्यांच्या अंगावरून पकडलेल्या पिसवांपैकी जवळपास निम्म्या उंदरांच्या निघाल्या. उंदीर मेला, थंड झाला, की उपाशी पिसवा मिळेल त्या अंगावर चढतात, हे त्यावरून दिसले. मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात गिनी पिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्याही अंगावर उंदरांच्याच पिसवा सापडल्या.

यातूनच लिस्टन यांना एक युक्ती सुचली. प्लेग झालेल्या घरात गिनी पिग मोकळा सोडायचा. तो जमिनीवर फिरत राहतो आणि घरातल्या भुकेल्या पिसवा त्याच्या अंगावर गोळा होतात. नंतर त्या वेचून मोजायच्या. गिनी पिग म्हणजे जिवंत सापळाच झाला, आणि तो प्लेगने मेला तर त्या पिसवा बाधित होत्या, याचाही पुरावा मिळाला. कीटकांचा नमुना गोळा करण्याची आणि त्यांच्यातील रोग तपासण्याची ही दोन्ही कामे एकाच प्राण्याने केली. १९०४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे लिस्टन यांनी प्लेग, उंदीर आणि पिसवा यांच्यावर आपले निष्कर्ष मांडले. वैद्यकीय सभेऐवजी निसर्ग अभ्यासकांच्या मंडळात हे व्याख्यान झाले, ते एका अर्थी योग्यच होते. प्रश्न प्राण्यांच्या सवयींचाच होता.

त्यानंतर १९०५ मध्ये चार्ल्स मार्टिन यांच्या मार्गदर्शनाखाली नव्याने प्लेग संशोधन सुरू झाले आणि लिस्टन त्यातील प्रमुख सदस्य होते. परळच्या आवारात कौलारू छपरांच्या खोल्या बांधून प्रयोग झाले. जमिनीवर ठेवलेले गिनी पिग प्लेगने मरत. त्याच खोलीत जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेले गिनी पिग वाचत, कारण पिसू तितकी उंच उडी मारू शकत नाही. हवा मात्र दोघांनाही सारखीच होती. मुंबई शहरात वर्षभरात एक लाखाहून अधिक उंदीर तपासण्यात आले. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हाच्या गावांमध्येही बारकाईने नोंदी ठेवण्यात आल्या. उंदरांतील साथ आधी आणि माणसांतील साथ तिच्या पाठोपाठ, हा क्रम आकड्यांनी सिद्ध झाला. सिमाँ यांचे म्हणणे खरे ठरले.

लिस्टन मुंबईत असतानाच त्यांनी नाव दिलेला डास त्यांच्यासमोर पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई बंदरात नव्या अलेक्झांड्रा गोदीचे प्रचंड बांधकाम सुरू होते. बाहेरगावाहून आलेले हजारो मजूर, खणलेल्या जागा आणि साचलेले पाणी यांमुळे बंदर परिसरात हिवतापाची तीव्र साथ आली. लिस्टन यांनी १९०८ मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या साथीवर लेख लिहिला. तिच्यामागे स्टीफेन्सी हाच डास होता. त्यानंतर चार्ल्स बेंटली यांनी शहरभर पाहणी करून १९११ मध्ये सविस्तर अहवाल सादर केला. हिवतापाचा डास म्हणजे दलदलीचा डास, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. मुंबईत मात्र तो घरोघरच्या विहिरींत, बागेतील हौदांत, कारंजांत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढत होता. दलदल शोधत बसणाऱ्यांना तो कधीच सापडला नसता.

उपाय कागदावर सोपा होता : विहिरी बुजवा किंवा झाका. प्रत्यक्षात त्याला मोठा विरोध झाला. विहीर ही अनेक कुटुंबांसाठी पूजेचे स्थान होती. धार्मिक विधींसाठी नळाच्या पाण्याऐवजी विहिरीचे पाणी लागे आणि त्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडायला हवा, अशी पारशी आणि हिंदू घरांतील श्रद्धा होती. तडजोड म्हणून काही ठिकाणी बारीक जाळीची आणि झडपेची झाकणे बसवण्यात आली. या वादाच्या निमित्ताने मुंबई महापालिकेतील अधिकारी रुस्तम मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकश्रद्धा गोळा केल्या आणि १९१८ मध्ये त्यांवर इंग्रजीत पुस्तकच प्रसिद्ध केले. डासाच्या शोधातून लोकसाहित्याचा ग्रंथ जन्माला यावा, असे उदाहरण विरळाच. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी केली, तेव्हाही विहिरी आणि टाक्या हाच मुख्य विषय राहिला. इमारतींच्या गच्चीवर चढून टाक्यांची झाकणे तपासणारे महापालिकेचे कर्मचारी आजही मुंबईकरांच्या परिचयाचे आहेत.

लिस्टन पुढे अनेक वर्षे परळच्या प्रयोगशाळेचे संचालक होते. याच संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९२४ मध्ये लंडन येथे त्यांनी प्लेगवर मिलरॉय व्याख्याने दिली आणि मुंबईतील दोन दशकांचा अनुभव त्यांत मांडला. भारतातून परतल्यावर ते एडिंबरो येथे प्रयोगशाळेत काम करत राहिले. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर डीडीटी आले होते आणि हिवताप आता संपणार, अशी आशा जगभर पसरली होती.

ती आशा फळली नाही. स्टीफेन्सीचा अभ्यास मात्र अधिक सूक्ष्म होत गेला. १९३७ मध्ये म्हैसूर संस्थानात स्वीट आणि राव यांनी या डासाच्या नावेसारख्या अंड्यांना दोन्ही बाजूंनी असलेल्या तरंगत्या पिशव्यांवरच्या रेघा मोजल्या आणि रेघांच्या संख्येवरून या जातीचे प्रकार पाडले. त्यांतील मूळ प्रकार शहरांत राहतो आणि रोग पसरवण्यात पुढे असतो. म्हणजे केवळ स्टीफेन्सी पकडला, एवढ्याने काम भागत नाही. मादीला अंडी घालू देऊन ती भिंगाखाली पाहावी लागतात.

२०१२ मध्ये हा डास आफ्रिकेच्या पूर्व टोकावरील जिबुती या बंदरात आढळला. त्या देशातून हिवताप जवळपास हद्दपार झाला होता. २०१२ मध्ये तेथे तीसहून कमी रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या ७० हजारांच्या पुढे गेली. २०१६ मध्ये इथिओपियात आणि त्यानंतर सुदान, सोमालिया, नायजेरिया येथेही स्टीफेन्सी सापडला. आफ्रिकेतील हिवतापाचे नेहमीचे डास खेड्यांत, पावसाच्या पाण्यात वाढतात. शहरे त्यामुळे तुलनेने सुरक्षित होती. टाक्यांत आणि पिंपांत वाढणाऱ्या या डासाने ते संरक्षण काढून घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याबाबत इशारा दिला आणि २०२२ मध्ये त्याच्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र मोहीम जाहीर केली.

त्याला शोधण्यात अडचण आली ती संकलनाच्या पद्धतीची. आफ्रिकेत दशकानुदशके माणसांच्या बिछान्याजवळ लावलेले प्रकाशसापळे आणि घरातील फवारणीनंतर चादरीवर पडलेले डास, यांवर पाहणी चालत असे. स्टीफेन्सी या सापळ्यांत फारसा येत नाही. दिवसा तो गोठ्यात आणि जनावरांच्या निवाऱ्यात बसतो. म्हणून तेथील पथकांनी पाण्याच्या टाक्या, बांधकामावरचे हौद आणि पिंपे पळीने तपासून अळ्या गोळा करायला आणि मोठे डास गोठ्यातून तोंडाने ओढायच्या नळीने टिपायला सुरुवात केली. श्रीलंका सप्टेंबर २०१६ मध्ये हिवतापमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तरेकडील मन्नार येथे नेहमीची पाहणी करणाऱ्या पथकाला काही वेगळ्याच अळ्या मिळाल्या. त्या वाढवून पाहिल्यावर डास स्टीफेन्सी निघाले. त्या अळ्या विहिरीतल्या होत्या.